दुखत नाही ते दुखणं

महाडच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवत होते. एका वर्षी तास कमी झाले, आणि त्याच उन्हाळ्यात पुण्याच्या एका संशोधन संस्थेला पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांमध्ये फिरून लोकांशी बोलणारी, इथलीच कुणीतरी बाई हवी होती. काम ऐकायला सोपं होतं. लोक आजार कशाला म्हणतात, अंगात काहीतरी बिघडलंय हे त्यांना कधी जाणवतं, जाणवल्यावर ते आधी कुणाकडे जातात, एवढं विचारायचं. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, घरी येऊन शब्दन् शब्द उतरवून काढायचं आणि पुण्याला पाठवायचं. सल्ला द्यायचा नाही, आणि समोरचा चुकीचं बोलतोय असं वाटलं तरी दुरुस्त करायचं नाही.

आमच्या कामाच्या प्रमुख एक वयस्क बाई होत्या. प्रशिक्षणात त्यांनी माझं पहिलंच रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावलं. त्यात एक बाई आपल्या कंबरेविषयी बोलायला सुरुवात करते आणि मी "कॅल्शियम कमी असेल" म्हणून मोकळी होते. पुढे ती बाई फक्त "हो, हो" करते. प्रमुख बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ती काय सांगणार होती, ते आता आपल्याला कधीच कळणार नाही." मला शिकवायची सवय. ती मोडायला सगळा पावसाळा गेला.

सकाळी महाड डेपोतून एस्टी, पोलादपूरला गाडी बदलायची, तिथून वर. वरच्या वाड्यांत तरणी माणसं कमी, बरीच मुंबईला. घरात भेटायची ती पन्नाशीच्या पुढची माणसं आणि सुना. हळूहळू मला ऐकता येऊ लागलं. लावणीनंतर येतो तो ताप नसतो, तो अंगाचा शीण असतो. गुडघे धरणं हे वय असतं. खोकला हा चुलीचा असतो. एका म्हाताऱ्या बाईंनी मला अगदी समजावून सांगितलं होतं, की माणूस जेवतोय, शेतावर जातोय, तर त्याला आजारी म्हणणं हा त्याचा अपमान आहे. मी ते जसंच्या तसं उतरवून पाठवलं, आणि पुण्याहून पहिल्यांदा शाबासकी आली.

ज्या माणसाविषयी मी लिहिते आहे ते याच पट्ट्यातल्या एका वाडीतले. वय पंचावन्नच्या आसपास. खाली ओढ्याकाठी भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी. तरुणपणी काही वर्षं ते मुंबईत एका खानावळीत होते, वडील गेल्यावर शेतीसाठी परत आले. तेव्हापासून आजूबाजूच्या वाड्यांत लग्न असो, बारसं असो की देवळातला सप्ता, जेवण त्यांच्याच हातचं. त्यांनी बनवलेलं वालाचं बिरडं खाल्लेली माणसं त्याबद्दल बोलताना मान हलवायची.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते सप्त्याच्या शेवटच्या दिवशी. वाडीतल्या आशाताई, म्हणजे आरोग्य केंद्राच्या आशा सेविका, मला घरोघर न्यायच्या. नात्याने त्या या आचारीदादांच्या चुलत भावजय. त्या दिवशी त्या म्हणाल्या, आज कुणी बोलायला मिळायचं नाही, जेवायलाच बसा. देवळामागे जमिनीत चर खणून चुली केल्या होत्या आणि त्यांवर भाताचे मोठाले टोप चढवलेले. दादा गुडघ्यापर्यंत धोतर खोचून त्यांच्यामधून फिरत होते. भात निथळायची वेळ आली तशी मुंबईहून आलेली मंडळी मोबाइल काढून उभी राहिली. मला कारण कळेना. दादांनी टोपाचं झाकण नुसत्या हाताने उचललं, बाजूला ठेवलं, आणि टोप दमाला लावताना चुलीतले निखारे उजव्या हाताच्या बोटांनी उचलून एकेक करून झाकणावर मांडले. फडकं नाही, चिमटा नाही. घाईसुद्धा नाही. लोक हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

"हाताला गुण हाय त्यांच्या," आशाताई कौतुकाने म्हणाल्या. "इतकी वर्षं आगीशी खेळलेत."

मी वहीत लिहिलं, हातांना सवय. आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी बोलायला जायचं ठरवलं.

गेले त्या दिवशी ते पडवीत बसून जुन्या सुपाला कड लावत होते. आशाताई मला सोडून लसीकरणाला निघून गेल्या. मी नेहमीप्रमाणे कागद वाचून दाखवला, त्यांनी सही केली, मोबाइल दोघांच्या मध्ये ठेवला. आजारपणाविषयी विचारलं तर हसले. आयुष्यात एकदा हिवताप आला होता, मुंबईत असताना, बाकी दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही म्हणाले. मग तासभर वडिलांच्या दम्याविषयी बोलले, एका पुतण्याला झालेल्या काविळीविषयी बोलले, कुठल्या गावात कावीळ उतरवतात ते सांगितलं. बोलणं चांगलं चाललं होतं.

मध्येच त्यांच्या पत्नीने चहा आणला, स्टीलच्या पेल्यातून. पेला इतका तापलेला की मी ओढणीचं टोक गुंडाळून धरला. त्यांनी तसाच तापलेला पेला उजव्या पंजात मुठीसारखा धरला आणि बोलत राहिले. तेव्हा मी त्यांच्या हाताकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. करंगळी आत वळलेली होती. तिच्या शेजारच्या बोटाच्या पेरावर एक मोठा फोड, फुटून कोरडा झालेला. आणि कोपराच्या खाली दोन-तीन फिकट चट्टे, आजूबाजूच्या कातडीपेक्षा उजळ, तिथे केसही विरळ.

कितीतरी वेळा सकाळी मी आरोग्य केंद्राच्या बाकावर आशाताईंची वाट पाहत बसत असे. समोरच्या भिंतीवर एक रंगीत तक्ता होता. फिकट चट्टा, बधिर जागा, वाकडं बोट. मी तो इतक्या वेळा वाचला होता की डोळे मिटूनही दिसला असता.

मी विचारलं, "हा फोड कशाचा?"

"भाजलं असंल कुठंतरी," ते म्हणाले. "येतात फोड. जातात."

"दुखत नाही?"

"नाय ना. तीच तर गंमत हाय." त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला. मग जरा विचार करून म्हणाले, "दुखलं असतं तर दुखणं म्हटलं असतं. दुखतच नाय, तर ताई, तुमच्या कागदात काय लिवणार?"

मी गप्प राहिले. शिकवलं होतं तसंच. आभार मानले, मोबाइल बंद केला, आणि दुपारच्या गाडीने खाली उतरले.

पुढचे चार दिवस मी काहीच केलं नाही. हे लिहायला मला आजही बरं वाटत नाही. मी स्वतःला सांगत होते की मी डॉक्टर नाही, माझा अंदाज चुकीचा असेल, आणि आपलं काम फक्त ऐकायचं आहे. चौथ्या दिवशी त्यांचं रेकॉर्डिंग उतरवायला बसले. त्या वाक्याशी पोचले तेव्हा ते तीनदा मागे नेऊन ऐकलं. लिहून झाल्यावर पुण्याला फोन केला.  प्रमुख बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की हे पाहून चार दिवस झाले का? मी हो म्हटलं. 

"सल्ला देऊ नका असं मी म्हटलं होतं, ते माणूस बोलता राहावा म्हणून," त्या म्हणाल्या. "त्याचा हात जाऊ द्या असं नव्हतं म्हटलं."

पुढे त्यांनी काय करायचं तेही नीट सांगितलं. रोगाचं नाव मी घ्यायचं नाही, ते डॉक्टरचं काम. वाडीत कुणापाशी बोलायचं नाही. आशाताईंनासुद्धा आधी दादांना विचारूनच सांगायचं. हात एकदा दाखवून घ्या, एवढंच म्हणायचं, आणि ते तयार झाले तर सोबत जायचं.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. दादांना म्हटलं, तुमच्या हाताचं माझ्या डोक्यातून जात नाही, गरम कळत नाही हे बरं लक्षण नसावं, पोलादपूरला सरकारी दवाखान्यात एकदा दाखवू या. ते हसायला लागले. चांगल्या हाताला दवाखान्यात कशाला न्यायचं, म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले, गुरांना पाणी दाखवायचंय म्हणून उठले आणि गोठ्याकडे गेले.

त्यांच्या पत्नी दाराआड उभ्या होत्या. त्यांनी मला मागच्या परसात बोलावलं. तिथे पाण्याच्या पिंपाजवळ उभ्या राहून, खाली बघत, त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. या वेळी मी गप्प राहिले ते मात्र कामाला आलं.

"मला ठावं हाय, बाय," त्या म्हणाल्या.

त्यांच्या माहेरी, त्या लहान असताना, गावाबाहेर एका झोपडीत एक माणूस राहायचा. त्याच्या बोटांची सुरुवात अशीच झाली होती. त्याची बायको दुरून भाकरी ठेवून जायची, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या हातावर पहिला चट्टा दिसला, तेव्हाच त्यांना कळलं होतं. पण लेकीचं लग्न व्हायचं होतं. मग लग्न झालं, ती माणगावला दिली. मग तिला मूल व्हायचं होतं. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढं पार पडू दे. मधल्या काळात त्यांनी घरात चुलीवरचं सगळं उतरवायचं काम स्वतःकडे घेतलं होतं. अंगणात नवऱ्याच्या पुढे चालून काटे उचलायच्या. रात्री ते झोपले की हाताला खोबरेल लावायच्या. पण देवळामागच्या चुलींवर त्यांचं काही चालत नव्हतं.

"सगळं गाव टाळ्या वाजवीत होतं," त्या म्हणाल्या. "लोक ज्याला गुण म्हणत होते, त्याला मी एकटी दुखणं कसं म्हणू?"

टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि गोठ्याकडे गेल्या. तिथे दोघांचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण ते बराच वेळ चाललं. परत आल्या तेव्हा दादा मागून येत होते, हसणं गेलेलं. सोमवारी जाऊ, एवढं म्हणाले.

सोमवारी आम्ही तिघं सकाळच्या एस्टीने पोलादपूरला उतरलो. हात तपासायला एक आरोग्य कर्मचारी होते, शांत, मोजकं बोलणारे. त्यांनी आधी कोपराच्या आतली शीर बोटांनी चाचपली. मग दादांना खुर्चीवर बसवून सांगितलं, की डोळे मिटा, मी पेनाचं टोक हळूच लावीन, जिथे लागेल तिथे दुसऱ्या हाताच्या बोटाने दाखवा. डाव्या हातापासून सुरुवात केली. दादा दर वेळी बरोबर जागा दाखवत होते, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलासारखे. मग उजवा हात घेतला. कोपराच्या वरचं दाखवलं. खाली आल्यावर त्यांचं बोट हलेना.

ते डोळे मिटून सरळ बसून होते.  पेन चट्ट्यांवर टेकलं, मनगटावर टेकलं, करंगळीवर टेकलं. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "लावा की. मी तयार हाय."

त्यांच्या पत्नीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

कर्मचाऱ्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि हळूच म्हणाले, की झालं, डोळे उघडा. दादांनी उघडले. त्यांच्या हातावर कोपरापासून करंगळीपर्यंत शाईचे निळे ठिपके होते. ते ठिपक्यांकडे बघत राहिले. मग डाव्या हाताच्या बोटाने एकेका ठिपक्याला हात लावून पाहिलं.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी कुष्ठरोग हा शब्द स्पष्ट उच्चारला, आवाज खाली न आणता. गोळ्या वर्षभर घ्यायच्या, फुकट मिळतात, एकही दिवस चुकवायचा नाही. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागायचा धोका राहत नाही. कातडी काही महिने काळवंडेल, लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. गेलेली संवेदना किती परत येईल ते सांगता येणार नाही, पण हात आणखी बिघडायचा थांबेल. घरातल्यांना तपासायचं म्हणून त्यांनी पत्नीलाही तिथेच तपासलं. त्यांना काही नव्हतं.

काही विचारायचं आहे का, असं डॉक्टरांनी म्हटल्यावर दादांनी एकच विचारलं. "इतकी वर्षं लोकांना जेवायला घातलं. त्यातनं कुणाला लागला असंल काय?"

"जेवणातून हा लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कुणालाही नाही."

दादांनी ते पुन्हा एकदा स्वतःशी म्हणून घेतलं. मग गोळ्यांचं पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं.

परतीच्या गाडीत मी त्यांना विचारलं, की आपलं बोलणं मी अहवालात वापरू का, की पुसून टाकू?  घाटातली दोन वळणं गेली.

"माझं नाव नको लिवू," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते मला अगं-तुगं करू लागले. "हाताचं लिव."

त्यानंतरच्या वर्षात मी त्यांच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी जात होते, कधी कामासाठी, कधी नुसतीच. चौथ्या महिन्यापर्यंत त्यांचा रंग इतका बदलला की लोक विचारू लागले. उन्हाने काळवंडलोय असं ते सांगायचे. लग्नांची बोलावणी आली तर पाठ धरलीय म्हणून टाळायचे. या खोट्या पाठदुखीवर गावातल्या लोकांनी पटापट विश्वास ठेवला, तेल सुचवलं, महाडच्या कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांगितलं. ज्या हाताचं खरंच बिघडलं होतं त्याच्याविषयी कधी कुणी विचारलं नव्हतं, हे दादांनीच एकदा मला बोलून दाखवलं, तक्रार न करता. उजवा हात रोज पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं, करंगळी डाव्या हाताने सरळ करायची, असा व्यायाम दिला होता. पडवीत बसून ते तो करायचे. रोज डोळ्यांनी हात तपासायचाही असायचा, कुठे कापलंय, कुठे भाजलंय. पत्नी शेजारी बसून तपासायच्या. त्यांची नजर जास्त बारीक होती.

पुढच्या सप्त्याची बैठक देवळात भरली तेव्हा मी नव्हते. आशाताईंनी नंतर सांगितलं. जेवणाचा विषय निघाला आणि सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. ते उभे राहिले. आपल्याला महारोग झालाय, गोळ्या चालू आहेत, दोन महिने राहिलेत, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की जेवणातून लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. पटेल त्याने जेवावं, नाही पटलं तरी राग नाही. मग खाली बसले.

बैठकीत कुणी वाईट बोललं नाही. आशाताई उठल्या आणि डॉक्टरांचं खरं आहे म्हणाल्या. नात्यातल्या असल्यामुळे त्यांना बोलायला जड गेलं असणार. पण मुंबईच्या मंडळींनी दोन दिवसांनी फोन करून कळवलं, की या वर्षी दादांना विश्रांती देऊ, महाडहून आचारी बोलावू. दादा त्या सप्त्याला पंगतीत बसले. भात मऊ झाला होता, असं मला त्यांनी सांगितलं, आणि वालाला हिंग जास्त पडला होता. 

त्यांचा औषधाचा वर्षभराचा कोर्स पूर्ण झाला. तळहाताला आता थोडं गरम कळतं, बोटांना नाही. करंगळी आधीपेक्षा सरळ आहे. त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या एका घराने बारशाला त्यांना बोलावलं. ते गेले. एका स्टुलावर बसून मीठ, मसाला, जाळ सांगत राहिले, आणि टोप उतरवायचं काम त्या घरच्या पुरुषांनी जाड फडक्यांनी केलं. त्यांच्या पत्नीही सोबत होत्या, ते चुलीजवळ जात नाहीत ना यावर लक्ष ठेवून. त्या दिवशी गावातल्या काही जणांना उपास निघाला. कुणाकुणाला निघाला ते दादांना पाठ आहे. आता वर्षातून चार-पाच बोलावणी येतात. पूर्वीइतकी नाहीत.

माझा अहवाल केव्हाच पुण्याला गेला. त्यात एक भाग हाताचा आहे. मी परत कॉलेजात शिकवते.

गेल्या पावसाळ्यानंतर आशाताईंचा सहज फोन आला, आणि बोलता बोलता कळलं, की खालच्या एका गावातला कुणी माणूस दादांकडे आला होता. ओळख ना पाळख. पडवीत बसून तासभर पाऊसपाण्याचं, भाताच्या रोगाचं बोलला, चहा प्याला, आणि उठता उठता पायावरचं धोतर जरा वर केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे दादा सदरा घालून त्याच्या गावी गेले आणि त्याला घेऊन पहिल्या एस्टीने पोलादपूरला उतरले.

मी दिवाळीत त्यांच्याकडे गेले तेव्हा विचारलं, तो माणूस कोण होता, कसं आहे त्याचं. ते सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"त्याचं त्याला सांगू दे," ते म्हणाले.